अर्धा रस्ता डांबरी, अर्धा कच्चा, सायकल एकच

सायकल घ्यायची असं ठरवलं की पहिले चार दिवस मजेत जातात, मग डोकं चालेनासं होतं. रोड बाईक, एमटीबी (म्हणजे माउंटन बाईक), हायब्रिड, सायक्लोक्रॉस, ग्रॅव्हल, ऑल-रोड, एंड्युरन्स, आणि प्रत्येक नावाच्या पोटात अजून दोन पोटनावं. आणि आपल्याला हवं असतं काय? तर डांबरी रस्त्याने तासभर जायचं, मग एखादा कच्चा रस्ता फुटलेला दिसला की फार विचार न करता आत शिरायचं, खडी, माती, कुठे वाळू, कुठे साचलेलं पाणी, जमलंच तर एखादी पायवाट, आणि दमलो की पुन्हा डांबराला लागून परत. एवढंच. पण एवढंच सांगितलं की समोरचा म्हणतो, मग दोन सायकली घे.

आता दोन सायकली हे उत्तर तसं वाईट नाही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. माझ्या एकाच फेरीत दोन्ही रस्ते येतात आणि डांबर संपतं तिथे दुसरी सायकल घेऊन कोणी उभं नसतं.

आमच्या ग्रुपमध्ये यावरून कायम जुंपलेली असते. एक मित्र कट्टर एमटीबीवाला, त्याचं म्हणणं, "अगं, जाड टायर घेऊन डांबरावर जाता येतं, बारीक टायर घेऊन दगडांत जाता येत नाही, विषय संपला." दुसरा रोडवाला. तो म्हणतो तू सत्तर टक्के डांबरावर असतेस, मग उरलेल्या तीस टक्क्यांसाठी सगळीकडे ओझं का वाहतेस? आणि मधल्या कुठल्याही सायकलचं नाव काढलं की दोघं एका सुरात, एक ना धड भाराभर चिंध्या. ही म्हण मी इतक्यांदा ऐकलीय की आता ती ऐकली की मला सायकलच दिसते.

मला यातली गंमत अशी वाटते की सायकलच्या इतिहासात हे भांडण बरंच उशिरा आलंय. दोन जवळपास सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल १८८५ च्या सुमारास आली, डनलॉपने हवेचा टायर १८८८ मध्ये आणला, आणि तेव्हा गुळगुळीत डांबरी रस्ते होतेच कुठे, जो काही रस्ता होता तो मातीचा, खडीचा नाहीतर दगडी फरसबंदीचा. अमेरिकेत चांगले रस्ते करा म्हणून आधी आरडाओरडा केला तो मोटारवाल्यांनी नाही, सायकलवाल्यांनी. टूर द फ्रान्सची सुरुवातीची वर्षं बघा, आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटातले रस्ते कच्चे, आणि गिअर बदलायचा तर खाली उतरून मागचं चाक काढून उलटं बसवायचं, कारण डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारं यंत्र, वापरायला परवानगीच १९३७ मध्ये मिळाली. म्हणजे आज ज्याला आपण शुद्ध रोड रेसिंग म्हणतो त्याचा जन्म कच्च्या रस्त्यावरचा.

आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा १८९७ चा. अमेरिकन सैन्याच्या २५ व्या इन्फंट्रीतले वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉसच्या हाताखाली मोंटानातल्या फोर्ट मिझूलाहून सेंट लुईसपर्यंत सायकलवर गेले, साधारण १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर, ४१ दिवसांत. गिअर नाहीत, सस्पेन्शन नाही, वर सामान लादलेलं, काही ठिकाणी चिखल इतका की रेल्वेच्या रुळांमधून स्लीपरवरून सायकली हाणल्या, पुढे नेब्रास्काची वाळू. हे वाचल्यापासून "ही सायकल तिथे जाईल का" हा प्रश्न माझ्यासाठी बाद झाला. जाते. कुठलीही सायकल कुठेही जाते. किती वेळ जाईल, कुठे उतरून ढकलावी लागेल आणि परत आल्यावर मनगटं, पाठ, मान कशा अवस्थेत असतील, एवढाच प्रश्न उरतो.

तर माझं मत आधीच सांगून टाकते. नाव बघू नका. समोरच्या सायकलकडे बघून एवढंच विचारा की यातलं काय मला नंतर बदलता येणार नाही? टायर बदलता येतात, सीट बदलता येते, पॅडल, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा), हँडलवरची टेप, मागची गिअरची चकती, थोडे जास्त पैसे घातले तर चाकंसुद्धा. फ्रेम बदलता येत नाही. फ्रेमची लांबी, तिचे कोन, तिच्यात किती जाड टायर बसतो ती जागा, आणि तिला कॅरिअर-मडगार्ड लावायची भोकं आहेत की नाहीत, हे ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी ठरलं. आणि गंमत म्हणजे दुकानात आपण नेमकं उलट करतो, गिअरच्या सेटचं नाव वाचतो, रंग बघतो, एका हाताने उचलून वजन बघतो, आणि फ्रेम आणि टायरच्या मधे बोट घालून कोणी बघत नाही.

बोट घालून बघा. खरंच. ती जागा म्हणजे या सगळ्या विषयाचा अर्धा भाग आहे. जुन्या रोड बाईकच्या रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाची कड दाबणाऱ्या ब्रेकच्या, कमानीखाली २५, फार तर २८ मिलिमीटरचा टायर मावायचा, संपलं. चाकाच्या मधल्या चकतीला धरणारे डिस्क ब्रेक आले आणि ती कमानच गेली, म्हणून आजच्या ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीच्या, सायकलमध्ये ४० ते ५० मिलिमीटर सहज बसतात. चिखल-गवतातल्या रेससाठीच्या सायक्लोक्रॉस सायकलींची मात्र वेगळी गोष्ट, त्यांच्या रेसमध्ये टायरला ३३ मिलिमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे त्यातल्या काही फ्रेममध्ये जेमतेम त्याच्या थोडी वर जागा असते, चिखलासाठी, जाड टायरसाठी नाही. एमटीबीला २.१ ते २.४ इंच, म्हणजे ५३ ते ६१ मिलिमीटर, हा नेहमीचा मामला. आणि कागदावर "४५ बसतो" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, रुंद रिमवर टायर छापलेल्या आकड्यापेक्षा फुगतो आणि चिखलाला दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा लागते, नाहीतर चिकट माती फ्रेममध्ये अडकून चाक फिरायचंच थांबतं आणि मग सायकल खांद्यावर.

जाड टायर म्हणजे डांबरावर जड चालणार हा समज इतका पक्का बसलाय की त्यावर वाद घालायचा कंटाळा येतो, पण घालते. टायर जमिनीवर टेकतो तेव्हा तो दबतो, दबून परत फुगतो आणि त्यात थोडी ताकद उष्णता होऊन जाते. दोन टायरमध्ये हवेचा दाब सारखा असेल तर जाड टायर कमी लांबीत दबतो, त्यामुळे उलट तोच हलका चालतो. पण आपण जाड टायरमध्ये हवा कमी ठेवतो, ठेवायलाच हवी, साधारण ६५-७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरमध्ये ७० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास आणि ४० मिलिमीटरमध्ये ३५ ते ४०, त्यामुळे गुळगुळीत डांबरावर हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. आणि रस्ता खरबरीत झाला की पारडं फिरतं. टणक टायर प्रत्येक खडीवर सायकलसकट तुम्हाला वर उडवतो, ते हादरे मांड्यांत, हातांत, पोटात जिरतात, आणि जिरतात म्हणजे तुम्ही पॅडलवर घातलेली ताकदच तिथे जाते. उगाच नाही खडीवर तासभर टणक टायरवर चालवलं की दिवसभर काम केल्यासारखं वाटतं.

डांबरावर खरा शत्रू टायर नाही, वारा आहे. सपाटीवर ताशी २०-२५ किलोमीटरच्या पुढे गेलात की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे २० चे ३० केले तर हवेसाठी लागणारी ताकद दीडपट नाही, जवळपास साडेतीनपट होते. म्हणून एमटीबी डांबरावर हळू वाटते त्यात टायरच्या गाठींचा वाटा असतोच, पण छाती समोर करून, कोपरं फाकवून ताठ बसण्याचाही मोठा वाटा असतो. टायर मधे सपाट आणि कडेला गाठी असलेला घेतला तर आवाज आणि घर्षण बरंच कमी होतं. बसणं मात्र हँडल ठरवतं.

चाकाच्या मापांचा घोळ एकदा नीट समजून घ्यावा, पुढे खूप डोकेदुखी वाचते. रोडचं ७०० सी आणि एमटीबीचं २९ इंच, दोन्हींच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. ६५० बी आणि साडेसत्तावीस इंच हे पण एकच, ५८४. आता ६५० बी च्या रिमवर ४७ मिलिमीटरचा टायर चढवा, बाहेरचा व्यास झाला ६७८, आणि ७०० सी वर २८ चा चढवा, ६२२ अधिक ५६, तोही ६७८. म्हणजे डिस्क ब्रेकची एकच फ्रेम, तिच्यात जागा असेल तर एक जोडी बारीक टायरची आणि एक जाड टायरची, दोन्ही वेळा सायकलची उंची आणि वळणं घेण्याची चाल जवळपास तीच. दोन सायकली घे म्हणणाऱ्यांना मी हे सांगते, दोन सायकली नको, दोन जोड्या चाकं घे, तीही लगेच नको.

आणि ट्यूबलेस. कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर माझ्या मते यावर चर्चा नको. कमी हवेत ट्यूब असली की दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मधे ती चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूब नसली की हे चिमटणं बरंच टळतं, आणि काट्याचं भोक आत घातलेला सीलंट नावाचा चिकट द्रव भरून काढतो. फक्त सीलंट काही महिन्यांत सुकतं, ते घालत राहायचं, आणि तरीही एक ट्यूब आणि पंप बरोबर ठेवायचा.

आता माप. मी उंचीने कमी आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी थिअरी नाही. लहान फ्रेममध्ये मोठी चाकं कोंबली की हँडल वळवल्यावर पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागतं. डांबरावर हे कधी जाणवतही नाही कारण वेगात हँडल कोणी इतकं वळवत नाही, पण पायवाटेवर चालण्याच्या वेगाने एखादं वळण घेताना पाय पुढे असला आणि चाक त्याला लागलं की सरळ आडवे. जाड टायर टाकलात की अजून वाईट. म्हणून ट्रायलला गेलात की जोरात पळवून बघण्याआधी अगदी हळू, पॅडल आडवं ठेवून, गोल फिरून बघा. दुसरं, सायकलवरून उतरून दोन्ही पाय टेकवून उभे राहा, वरच्या नळीत आणि तुमच्यात बऱ्यापैकी जागा राहायला हवी, कारण कच्च्या रस्त्यावर पाय टेकायची वेळ येते तेव्हा जमीन नेमकी त्याच बाजूला खाली असते. स्टॅक आणि रीच हे दोन आकडे कंपन्या छापतात, हँडल किती उंच आणि किती लांब, ते सध्या ज्या सायकलवर बरं वाटतं तिच्याशी ताडून बघा, सेल्समन "स्टेम बदलून देतो" म्हणाला तरी. स्टेमने एक-दोन सेंटिमीटरची चूक झाकते, पाचाची नाही.

पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुशाख्याचा, जमिनीशी होणारा कोन हाही असाच कायमचा. रोड बाईकला ७३ अंशांच्या आसपास, ग्रॅव्हलला ७० ते ७२, आजच्या एमटीबीला ६५ ते ६८. कोन जितका कमी तितकं पुढचं चाक तुमच्यापासून लांब, उतारावर धीर येतो, आणि चढावर हळू जाताना तेच चाक इकडेतिकडे भटकतं.

गिअरबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि चुकीच्या टोकाबद्दल बोलतात. एमटीबी डांबरावर पळणार नाही, वरचा गिअर पुरणार नाही, हे किती वेळा ऐकलंय. हिशोब करून बघा, पुढे ३२ दातांची चकती, मागे सगळ्यात लहान १० ची, २९ इंची चाक, मिनिटाला ९० वेळा पाय फिरवले तर ताशी चाळीसच्या जवळ जाते. सपाटीवर एकट्याने चाळीसने जाणारे किती जण आहेत आपल्यात? खालचं टोक महत्त्वाचं. रोड बाईकची नेहमीची जोडी, पुढे लहान चकती ३४, मागे मोठी ३२, या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी वेग आठच्या वर राहतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर १० टक्क्यांच्या चढावर त्या वेगाने नुसतं वर चढायलाच १८५ वॉटच्या वर लागतात, घर्षण वेगळं, वाऱ्याचं सोडूनच द्या. एमटीबीच्या पुढे ३२, मागे ५१ ला त्याच फेऱ्यांत वेग पाचच्या थोडा वर आणि लागतात १२० वॉट. डांबरावर उभं राहून, श्वास रोखून, ते १८५ काढता येतात. सुट्या खडीवर उभे राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं, ते जागेवर गरकन फिरतं आणि खेळ खल्लास. म्हणून कच्च्या चढासाठी गिअर असा हवा की बसल्या बसल्या चढता येईल. पुढची चकती मागच्या सगळ्यात मोठीपेक्षा लहान असली पाहिजे, एवढा एक नियम मी पाळते. पुढे ४६ आणि ३० अशा दोन चकत्या आणि मागे ११ ते ३४ ही ग्रॅव्हलची जोडी त्यात बसते, पुढे एकच ४० आणि मागे ११ ते ४२ पण बसते, जेमतेम. पुढे चकती एक की दोन, यावर रात्र रात्र चर्चा होते, मला दोन आवडतात कारण डांबरावर दोन गिअरमधला फरक कमी असला की पायाची लय मोडत नाही, पण चिखलात एकच असलेली बरी हेही मान्य.

सस्पेन्शनवर माझं मत थोडं जहाल आहे. स्वस्त सायकलला लावलेला स्प्रिंगचा फोर्क हा मला फोर्क नसल्यापेक्षा वाईट वाटतो. दोन-अडीच किलोचा ऐवज पुढे लटकतोय, दाबला की दबतो, सोडला की टणकन उसळतो कारण उसळी आवरणारं आत काही नाही, आणि चढावर तुमच्या प्रत्येक पॅडलबरोबर नमस्कार घालत बसतो. तेवढ्याच पैशात सरळ फोर्क आणि जाड टायरची सायकल मिळत असेल तर ती घ्या. उलट तुमचा कच्चा रस्ता म्हणजे खरोखर दगडधोंडे, मुळं, पायऱ्यांसारखे उतार असेल तर अर्धवट काही घेऊ नका, १०० मिलिमीटरचा चांगला फोर्क, तो लॉक करता येईल असा, आणि सरळ एमटीबी. फक्त तो फोर्क ठरावीक तासांनी उघडून तेल-सील बघावं लागतं, ती सवय असेल तरच.

हँडल बदलता येतं की नाही यावर मात्र लोक फसतात. वाटतं की सरळ दांडा काढायचा, रोड बाईकसारखा खाली वळलेला वाकडा बसवायचा, त्यात काय. पण वाकड्या हँडलचे ब्रेक लिव्हर केबल कमी ओढतात, सरळ हँडलच्या सायकलींना असतात त्या व्ही-ब्रेकला जास्त लागते, गिअरचे शिफ्टर मागच्या डिरेलरशी जुळत नाहीत, आणि सरळ हँडलची फ्रेम मुळातच लांब असते, त्यावर वाकडं लावलं की हात अजून पुढे. एकेक करून सगळंच बदलत जातं. म्हणून हे आधीच ठरवावं. वाकड्या हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात आणि डांबरावर वाऱ्यातून निसटता येतं, सरळ रुंद हँडलवर ताबा जास्त, पण दोन-तीन तासांनी तळवे बधिर. अपवाद असतातच म्हणा, १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगोला एमटीबीची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा नावाजलेला रेसर जॉन टोमॅक एमटीबीवर वाकडं हँडल लावून उतरला होता, तो रोडवरही रेस करायचा आणि त्याला दोन्हीकडे बसणं सारखंच हवं होतं. पण तो टोमॅक होता.

ब्रेक डिस्क घ्या, हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) परवडले तर उत्तम, विषय संपला.

आता त्या सत्तर टक्क्यांकडे येते. मी रोडवाल्या मित्राचं म्हणणं बराच काळ खरं धरून चालले होते, मग एकदा कागदावर मांडलं. समजा ५५ किलोमीटरची फेरी, त्यात ४० डांबर आणि १५ कच्चा. अंतराने बघितलं तर डांबर ७३ टक्के. पण डांबरावर मी २४ ने जाते, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं, आणि कच्च्यावर दहाने, म्हणजे दीड तास. वेळेने बघितलं की जवळपास निम्मं-निम्मं! आणि भीती वाटण्याचा, हात दुखण्याचा, पडण्याचा हिशोब केला तर सगळाच कच्च्याच्या खात्यात. त्यामुळे सायकल निवडताना किलोमीटर मोजू नका, तास मोजा. उलटही होतं, कोणाचा कच्चा रस्ता इतका घट्ट दाबलेल्या मातीचा असतो की तिथे ३२ मिलिमीटरचा टायरही बावीसने पळतो, त्यांनी उगाच एमटीबीच्या मागे लागू नये.

मी शेवटी वाकड्या हँडलची, ४५ मिलिमीटर बसणारी, खाली ३०-३४ चा गिअर असलेली, सरळ फोर्कची स्टीलची सायकल घेतली, आणि त्याचबरोबर एक गोष्ट मनाशी मान्य करून टाकली की मोठ्या दगडांच्या उतारावर मी उतरणार आणि चालणार. एमटीबीवाला खाली पोचून पाण्याची बाटली काढून बसलेला असतो, मी सायकल हाताने धरून खाली येते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. कुठेतरी वाईट असायचंच आहे तर ते मी निवडलेल्या ठिकाणी असावं. कोणाला डांबरावर मागे पडणं चालतं, दगडांत उतरणं चालत नाही, त्याने एमटीबी घ्यावी आणि गुळगुळीत टायरची दुसरी जोडी.

सध्या पुढे ४५ आणि मागे ४० असं चालू आहे, पुढे पकड हवी म्हणून. मागचा टायर नेहमी लवकर झिजतो, तो आता बदलायला आलाय, आणि ओल्या मातीच्या चढावर मागचं चाक सुटतं म्हणून मागेही ४५ टाकून बघायचा विचार आहे. डांबरावर काही फरक पडतो का ते वापरल्यावरच कळेल.